ऑक्सिटोसिनचा स्प्रे, आनापान आणि पाळीच्या तोंडावर उठणारी तलफ

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४, राहणे नागपुरात, नोकरी मिहानमध्ये. रोज साधारण १२ सिगारेटी, सकाळची पहिली उठल्यापासून वीस मिनिटांच्या आत. दोनदा सोडून पाहिली. पहिल्यांदा १९ दिवस टिकली, दुसऱ्यांदा २३ दिवस. दोन्ही वेळा पाळीच्या तोंडावर परत सुरू झाली. दहा दिवसांचे विपश्यना शिबिर झालेले आहे, आनापान (येत्या-जात्या श्वासावर लक्ष ठेवण्याचे ध्यान) येते. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या सुरू आहेत, २१ दिवस गोळी आणि ७ दिवस खंड. ऑक्सिटोसिन या हार्मोनचा नाकातला स्प्रे आणि माइंडफुलनेस, म्हणजे सजगतेचे ध्यान, एकत्र केले तर तलफ जाते असे वाचनात आले आणि असा स्प्रे विकतही मिळतो आहे. तो घ्यावा का? नसेल तर काय करावे?

स्प्रे मागवू नका. ऑक्सिटोसिन म्हणजे नऊ अमिनो आम्लांचे छोटे हार्मोन. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये ते तयार होते. प्रसूतीत गर्भाशय आकुंचन पावते आणि बाळ अंगावर पिताना दूध उतरते ते त्याच्यामुळे. आपुलकीच्या स्पर्शाशी आणि ताण निवळण्याशीही त्याचा संबंध आहे, म्हणून व्यसनाच्या संशोधकांनी ते नाकावाटे देऊन पाहिले. अभ्यास छोटे आहेत, बहुतेकांत एकदाच किंवा मोजके दिवस मात्रा दिली गेली, आणि निकाल एका दिशेचे नाहीत. नाकातून दिलेले औषध मेंदूत नेमके किती पोहोचते यावरच अजून वाद आहे. रक्तात तर ते काही मिनिटांतच निम्मे होते. सिगारेट सोडवण्याचे औषध म्हणून ऑक्सिटोसिनला मान्यता नाही.

आपल्याकडे ऑक्सिटोसिन म्हणजे मुख्यतः प्रसूतिगृहातले इंजेक्शन. जनावरांचा पान्हा सोडवायला त्याचा इतका गैरवापर झाला, की २०१८ मध्ये केंद्र सरकारने खासगी कंपन्यांच्या उत्पादनावर बंदी आणली. दिल्ली उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी डिसेंबरमध्ये रद्द केली. त्या इंजेक्शनची शीशी २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात कुरिअरच्या गाडीतून हिंडून आलेल्या, कोणी बनवला ते धड न कळणाऱ्या स्प्रेत काय उरले असेल हे सांगता येत नाही. कोणी इंजेक्शनची शीशी नाकात टाकण्याचा सल्ला दिला तर तोही ऐकू नका. जास्त मात्रेत हे हार्मोन शरीरात पाणी धरून ठेवते आणि सोडियम खाली आणते. आणि गर्भ राहिलेला असेल तर तो सरळ धोका आहे. 'तलफ हार्मोनमुळे आहे का' हे शोधण्यासाठी कॉर्टिसॉल, ऑक्सिटोसिन अशा तपासण्यांचे पॅकेजही घेऊ नका. त्या आकड्यांवरून उपचारात काहीच बदलत नाही.

असे असले तरी तुमच्या प्रश्नातला हार्मोनचा धागा खोटा नाही. तो स्प्रेमध्ये नाही, तुमच्या गोळीच्या पाकिटात आहे.

इस्ट्रोजेन यकृतातल्या ज्या एन्झाइमला चालना देते, तेच एन्झाइम निकोटीन मोडते. एरवी रक्तातले निकोटीन सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते. इस्ट्रोजेनची गोळी घेणाऱ्या स्त्रीत ते त्याहून लवकर उतरते. म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने आणि तुम्ही एकाच वेळी सिगारेट विझवली, तर पुढची तलफ तुम्हाला आधी येते. यात मनाचा दुबळेपणा नाही. औषधाची मात्रा ठरवताना मात्र हे लक्षात घ्यावेच लागते, कारण निकोटीनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची पट्टी) किंवा गम कमी मात्रेत आणि कमी दिवस वापरला जाणे हे अपयशाचे नेहमीचे कारण आहे.

दुसरी गोष्ट, गोळ्यांवर असताना नैसर्गिक पाळीचक्र चालू नसते. तुम्ही जिला पाळीचे तोंड म्हणता तो खरे तर गोळ्या संपल्यानंतरच्या खंडाचा सुरुवातीचा काळ आहे. हार्मोन एकदम खाली येते, दोन-चार दिवसांत रक्तस्राव सुरू होतो, आणि त्या दिवसांत डोकेदुखी, चिडचिड, पोट फुगणे, झोप मोडणे हे अनेकींना होते. निकोटीन सोडल्यावरची लक्षणेही बरीचशी अशीच असतात. दोन्ही एकमेकांवर चढले की मन एकच निष्कर्ष काढते: सिगारेट नाही म्हणून हे होते आहे.

तुमचे १९ आणि २३ दिवस मला फार बोलके वाटतात. पाकिटाच्या दुसऱ्या-तिसऱ्या गोळीच्या सुमारास सोडली असे धरले, तर एकोणिसावा दिवस बरोबर गोळ्या संपतात तिथे येतो आणि तेविसावा खंडाच्या मध्यावर. जुनी पाकिटे किंवा फोनमधली नोंद काढून हे पडताळून पाहा. जुळले, तर तुमची सोडण्याची तारीख चुकलेली नव्हती. सगळ्यात अवघड असे पहिले दोन आठवडे तुम्ही औषधाशिवाय काढले होते, आणि ही मोठीच गोष्ट आहे. राहिले ते एवढेच, की खंडाच्या आठवड्यासाठी हाताशी काही राखून ठेवलेले नव्हते.

(गोळ्या न घेणाऱ्यांसाठी: पाळीआधीच्या दोन आठवड्यांत, विशेषतः शेवटच्या चार-पाच दिवसांत, सोडल्यानंतरची लक्षणे जास्त जाणवतात असे बऱ्याच अभ्यासांत दिसते. पाळी संपता संपता तारीख धरली तर पहिले दहा-बारा दिवस त्या काळाच्या अलीकडे निघून जातात. पण चांगल्या तारखेची वाट पाहत तीन महिने घालवणे हे कोणत्याही तारखेपेक्षा वाईट.)

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाही पण स्प्रेपेक्षा महत्त्वाची आहे. इस्ट्रोजेनची गोळी आणि सिगारेट मिळून रक्ताची गुठळी, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढवतात, आणि वयाबरोबर हा धोका चढत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत ३५ वर्षांनंतर धूम्रपान करणाऱ्या स्त्रीला ही गोळी सहसा देत नाहीत. रोजच्या १५ किंवा जास्त सिगारेटी असतील तर अजिबात नाही. तुम्ही ३४ च्या आहात. डोके दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा किंवा ठिपके दिसत असतील तर आजच सांगा, कारण त्या प्रकारच्या अर्धशिशीत ही गोळी कोणत्याही वयात टाळतात. पर्याय पुष्कळ आहेत: फक्त प्रोजेस्टोजेन असलेली गोळी, तांबी, हार्मोन असलेली तांबी, दर तीन महिन्यांनी घ्यायचे 'अंतरा' इंजेक्शन. हार्मोन नकोच असेल तर 'छाया' ही गोळी आहे, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा. तिच्यातले औषध लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झाले. 'अंतरा' आणि 'छाया' सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. यातले काय योग्य ते स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवतील. तिथे सिगारेटचा आकडा लपवू नका, बारा असतील तर बाराच सांगा. मात्र गोळी बदलेपर्यंत सिगारेट सोडणे पुढे ढकलायचे, असेही करू नका.

आता निकोटीनचे पाहू. शरीर त्यावर किती अवलंबून आहे ते दोन प्रश्नांच्या गुणांवरून मोजतात. पहिली सिगारेट सहा ते तीस मिनिटांत म्हणजे दोन गुण, दिवसाला अकरा ते वीस म्हणजे एक गुण. सहापैकी तीन, मध्यम अवलंबित्व. अशा वेळी नुसत्या ध्यानावर भिस्त ठेवणे म्हणजे तापलेल्या तव्यावर बसून समता राखायला सांगणे. आधी तवा खाली उतरवायचा, आणि ते काम औषधाचे.

दोन चांगले मार्ग आहेत. एक व्हॅरेनिक्लिन ही सिगारेट सोडवणारी गोळी, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर: पहिले तीन दिवस ०.५ मिलिग्रॅम एकदा, चौथ्या ते सातव्या दिवशी ०.५ मिलिग्रॅम दोनदा, आठव्या दिवसापासून १ मिलिग्रॅम दोनदा, एकूण बारा आठवडे. सिगारेट सोडण्याची तारीख गोळी सुरू केल्यावर आठवड्याने. मळमळ हा नेहमीचा त्रास. गोळी जेवणानंतर पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर घेतली तर तो बराच टळतो. दुसरी गोळी झोपताना न घेता संध्याकाळी घ्यावी, नाहीतर विचित्र स्वप्ने पडतात. मूत्रपिंडाचा आजार किंवा गर्भधारणेचा विचार असेल तर आधी सांगायचे.

दुसरा मार्ग पॅच आणि गम दोन्ही एकत्र. ध्यानाशी त्याची सांगड जास्त सोपी जाते म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो आहे. दिवसाला दहापेक्षा जास्त सिगारेटी असल्यामुळे २१ मिलिग्रॅमच्या पॅचपासून सुरुवात: सहा आठवडे २१, मग दोन आठवडे १४, मग दोन आठवडे ७. जोडीला २ मिलिग्रॅमचा गम, तलफ उठेल तेव्हा आणि उठण्याची खात्री असेल त्याच्या आधी. हा गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ मिलिग्रॅमच्या गमला चिठ्ठी लागते. पहिल्या दोन आठवड्यांत दिवसाला सहा ते आठ गम लागले तर घाबरू नका. छातीत दुखणे, हृदयाचे ठोके अनियमित होणे, नुकताच आलेला हृदयविकाराचा झटका किंवा गर्भारपण यांपैकी काही असेल तर मात्र डॉक्टरांशिवाय सुरू करू नका.

पॅचचे तंत्र साधे वाटते, पण नागपुरात तो फसतो घामामुळे. आंघोळीनंतर त्वचा पूर्ण कोरडी करून, पंख्याखाली पाच मिनिटे बसून, मग दंडाच्या वरच्या भागावर किंवा पाठीवर लावायचा. तिथे खोबरेल, क्रीम, टाल्कम पावडर काही नको. तळव्याने दहा सेकंद दाबून धरायचा. रोज जागा बदलायची, नाहीतर खाज आणि लाल चट्टा येतो. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत भर दुपारी दुचाकीवर उन्हात पॅच तापला की औषध जास्त वेगाने आत जाते. छातीत धडधड, मळमळ, गरगरणे सुरू होते. अशा वेळी सावलीत या, पाणी प्या, आणि बरे वाटले नाही तर पॅच काढा. उन्हाळ्यात तो पूर्ण बाहीच्या आत राहील असा लावा. कात्रीने कापू नका. काढलेल्या पॅचमध्ये निकोटीन शिल्लक असते, चिकट बाजू आत घडी घालून लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा टाका.

तुमची पहिली सिगारेट वीस मिनिटांत लागते, म्हणून पॅच रात्रभर ठेवा. स्वप्नांनी झोप मोडायला लागली तर झोपताना काढा. पण मग सकाळी लावलेल्या नव्या पॅचला पातळी गाठायला काही तास लागतात. ती पोकळी भरायला चूळ भरून लगेच एक गम.

गमच्या बाबतीत नव्वद टक्के गडबड चावण्यात होते. हा च्युइंग गम नव्हे. सावकाश आठ-दहा वेळा चावायचा, तिखटसर झिणझिणी आली की थांबून गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचा. साधारण मिनिटाने झिणझिणी गेली की पुन्हा थोडा चावायचा, दुसऱ्या बाजूला ठेवायचा. असा अर्धा तास. भराभर चावला तर निकोटीन पोटात जाते, उचकी लागते, जळजळते आणि तलफ तशीच राहते; मग 'गम माझ्यावर चालत नाही' असे ठरते. दुसरे कारण आंबट. निकोटीन तोंडातून शोषले जायला तोंड आम्लधर्मी असून चालत नाही. कॉफी, सोडा, लिंबू या सगळ्यांनी शोषण अडते. सकाळी तर्री-पोह्यांवर लिंबू पिळून खाल्ले, वर चहा घेतला आणि लगेच गम तोंडात टाकला, तर तो जवळपास वाया गेला. पाण्याने खळखळून चूळ भरा, पंधरा मिनिटे जाऊ द्या, मग गम.

ही पंधरा मिनिटे, आणि गम तोंडात ठेवल्यापासून त्याचा पुरता परिणाम व्हायला लागणारी वीस-तीस मिनिटे, हीच ध्यानाची खरी जागा आहे. तलफेची एक लाट उठून ओसरायला बहुधा तीन ते दहा मिनिटे लागतात. म्हणजे गम पोहोचायच्या आतच लाट फुटून जाते, आणि ज्याच्याकडे फक्त गम आहे तो याच मिनिटांत पानठेल्यावर पोहोचलेला असतो. उलट ज्याच्याकडे फक्त ध्यान आहे त्याला दिवसभरात वीस लाटा, त्याही पूर्ण उंचीच्या, एकट्याने झेलाव्या लागतात. पॅच लाटांची उंची कमी करतो, गम पुढची लाट अडवतो, आणि आत्ता उठलेल्या लाटेवर लक्ष काम करते. स्प्रे आणि माइंडफुलनेसच्या ज्या जोडीबद्दल तुम्ही वाचलेत, तिच्यातली कल्पना मुळात हीच आहे. फरक इतकाच की औषधाच्या बाजूला ऑक्सिटोसिनऐवजी तपासलेले औषध ठेवायचे.

ध्यानाच्या बाजूचा पुरावाही जसा आहे तसाच सांगायला हवा. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या जडसन ब्रूअर यांच्या गटाचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. ८८ धूम्रपान करणारे, चार आठवडे, आठवड्यातून दोनदा वर्ग. सतराव्या आठवड्याला माइंडफुलनेस शिकलेल्यांपैकी ३१ टक्के आणि नेहमीचा सिगारेटमुक्तीचा कार्यक्रम केलेल्यांपैकी ६ टक्के सिगारेटपासून दूर होते. पुढे बरेच अभ्यास झाले, आणि सगळे एकत्र मांडून पाहिल्यावर इतर चांगल्या समुपदेशनापेक्षा ध्यान स्पष्टपणे सरस आहे असे दिसले नाही. त्यामुळे औषधाऐवजी ध्यान, असे मी कोणालाही सांगणार नाही. औषधाबरोबर मात्र नक्की सांगेन, आणि तुम्हाला तर जास्तच, कारण तुम्हाला ते आधीच येते.

नागपूरकरांना यातला मूळ विचार नवा नाही. माहूरझरीच्या धम्मनाग केंद्रात किंवा आणखी कुठे शिबिर केलेल्याला वेदना आणि तृष्णा यांची साखळी शिकवलेली असते: अंगावर संवेदना उठते, ती हवी किंवा नको वाटते, आणि तिथून तृष्णा सुरू होते. तलफ नेमकी याच सांध्यावर उभी असते. मग शिबिरात दहा दिवस सिगारेट आठवलीही नाही आणि घरी आल्यावर चौथ्या दिवशी का लागली? तिथे चहाची टपरी नव्हती, फोन नव्हता, बॉस नव्हता, वर्धा रोडवरची परतीची गाडी नव्हती. तलफ ज्यांच्या खांद्यावर बसून येते ती माणसे, जागा आणि वेळाच तिथे नव्हत्या. म्हणून सराव त्या जागांवरच करावा लागतो.

सोडण्याच्या तारखेच्या दोन आठवडे आधीपासून सुरुवात करा. या काळात सिगारेटी कमी करण्याचा आटापिटा नको. रोज तीन सिगारेटी ठरवून पूर्ण लक्ष देऊन ओढा: फोन बाजूला, बोलणे नाही, चहा नाही. पाकिटाचा वास, पेटवतानाची घाई, पहिल्या झुरक्याला घशात काय होते, चौथ्याला काय, विझवल्यानंतर जिभेवर काय उरते. बारातल्या आठ-नऊ सिगारेटी तर ओढल्या गेल्याचेही लक्षात नसते हे आठवड्यात दिसून येते. जोडीला रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटे आनापान, तलफ असो वा नसो. पोहायला पुरात पडल्यावर शिकत नाहीत.

तलफ उठली की करायचे ते असे. जिथे आहात तिथे थांबा; उठून चालायला लागला असाल तर दोन्ही पाय टेकवून उभ्या राहा. मनात म्हणा, 'तलफ आली आहे'. 'मला सिगारेट हवी आहे' असे म्हणू नका, दोन्हींत फरक आहे. शून्य ते दहामध्ये तिला आकडा द्या. आठ किंवा वर असेल तर आधी गम तोंडात ठेवा, मग पुढचे. आठच्या खाली असेल तर गम नंतर. तीन श्वास, सोडताना लांब. आता शरीरात ती नेमकी कुठे आहे ते शोधा. बहुतेकांना ती घशात, छातीच्या मधोमध, जबड्यात किंवा उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांत सापडते. मग तिथेच राहा. ताण आहे की पोकळी, उष्ण की थंड, पसरते की आक्रसते, एकाच जागी की सरकणारी? काही बदलले की पुन्हा पाहा. आकडा निम्म्यावर आला की घड्याळ बघा आणि वहीत चार गोष्टी लिहा: वेळ, आकडा, जागा, किती मिनिटे. दहा दिवसांत तुमच्या स्वतःच्या लाटेची लांबी कागदावर येते. 'ही कधीच जाणार नाही' असे वाटत असताना ते पान उघडून बघण्याचा जेवढा आधार होतो, तेवढा दुसऱ्या कशाचा होत नाही.

आनापान येणाऱ्यांची एक ठरलेली चूक इथे होते. ते तलफ आली की नाकपुडीच्या श्वासावर जाऊन बसतात आणि तिथून हलत नाहीत. श्वास ढाल होतो. छातीतली संवेदना न पाहता ती जाण्याची वाट बघितली जाते, आणि दर अर्ध्या मिनिटाला मन विचारते, गेली का? हे झुंजणेच आहे, फक्त डोळे मिटून. श्वासाचे काम पहिल्या तीन फेऱ्यांपुरते. त्यानंतर जिथे तलफ आहे तिथे लक्ष न्यायचे आणि ती तिथे असू द्यायची. काही वेळा पाहायला लागल्यावर ती आधी वाढते, सहाची आठ होते. तिथेच सोडून देऊ नका, चढ संपायला आलेला असतो.

दुसरी अडचण उलटी. ज्यांना घाबरेपणाचे झटके येतात किंवा जुना मानसिक आघात आहे त्यांना छातीवर लक्ष दिल्याने श्वास कोंडल्यासारखा वाटतो. त्यांनी डोळे उघडे ठेवून तळपायांवर लक्ष आणावे, टाचा, बोटे, चपलेचा स्पर्श. गाडी चालवतानाही हेच: डोळे रस्त्यावर, लक्ष स्टिअरिंगवरच्या पकडीवर, आणि सिग्नलला तीन लांब श्वास. गाडीतून लायटर, जुनी पाकिटे, राख आदल्या दिवशीच काढा आणि सीट धुवून घ्या, कारण बंद गाडीत दुपारी तापलेला जुना धुराचा वास स्वतःच तलफ उठवतो. आणि हा सराव पानठेल्यासमोर उभे राहून करायचा नाही. तिथून निघायचे, मग करायचा.

चहाचे एक गणित बहुतेकांना माहीत नसते. सिगारेटचा धूर यकृताला कॅफीन भराभर मोडायला लावतो, आणि इस्ट्रोजेनची गोळी ते मोडणे मंद करते. ओढत होता तोवर ही ओढाताण बरोबरीची होती. सिगारेट थांबली की फक्त गोळीची बाजू उरते, आणि तेवढाच चहा-कॉफी घेऊनही कॅफीन रक्तात कितीतरी जास्त वेळ साचून राहते. हात थरथरणे, धडधड, रात्री दोनपर्यंत टक्क जाग, आणि सगळा दोष सिगारेट सोडण्याला. सोडल्याच्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करा आणि दुपारी तीननंतर बंद. दमा, फिट किंवा मानसिक आजाराची औषधे सुरू असणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांना सांगावे. थिओफायलिन, ओलान्झापिन, क्लोझापिन यांची पातळी याच कारणाने वाढते. फिटचा त्रास असेल तर ब्युप्रोपिऑन हे सिगारेट सोडवायचे औषध टाळतात.

आता तारखेचे. नव्या पाकिटाची तिसरी गोळी, तुम्ही आधी बहुधा धरत होतात तीच ठीक आहे. त्याच सकाळी पहिला पॅच. गोळ्या संपायच्या दोन दिवस आधीपासून खंडाचे सातही दिवस गम तलफेची वाट न पाहता घ्या: जागेपणी दर दोन तासांनी एक. त्या आठवड्यात पॅचची मात्रा उतरवायचा दिवस येत असेल तर पुढे ढकला. सकाळची बैठक वीस मिनिटांची करा आणि रात्री दहा मिनिटे जोडा. डोके दुखले तर ते खंडाचे दुखणे आहे असे वहीत लिहूनच मग डोकेदुखीची गोळी घ्या. खंड गाळून सलग दुसरे पाकीट घेता येते का, हेही स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारण्यासारखे आहे. वैद्यकीयदृष्ट्या ते केले जाते, पण तुमच्या बाबतीत इस्ट्रोजेनची गोळी चालू ठेवायची की नाही हा प्रश्न आधीचा, म्हणून स्वतःहून करू नका.

एक सिगारेट ओढली गेली तर पॅच काढू नका. पॅचवर एखादी सिगारेट ओढल्याने विषबाधा होत नाही. पॅच काढून टाकल्याने मात्र दुसऱ्या दिवशी बारा होतात. पाकीट फेका, वेळ आणि कारण लिहा, पुढचा गम ठरल्या वेळी घ्या. सिगारेटच्या जागी खर्रा (तंबाखू आणि सुपारी घोटून केलेले मिश्रण) किंवा गोड सुपारी येऊ देऊ नका. ऑफिसात कोणी घोटलेला खर्रा पुढे केला की 'धूर तर नाही ना' असे वाटते, पण त्यात निकोटीन भरपूर असते आणि तोंडाचा कर्करोग विदर्भात कशाने वाढला आहे हे इथे कोणाला सांगायला नको. सुपारी तंबाखूशिवायही कर्करोग करते. ई-सिगारेटवर २०१९ पासून देशात बंदी आहे. वजन पहिल्या वर्षात सरासरी चार-पाच किलो वाढते. फुटाणे आणि काकडी हाताशी ठेवा, पण पहिले तीन महिने उपाशी राहून वजन रोखायला जाऊ नका, भूक आणि तलफ एकाच सुरात बोलतात.

घरी कोणाला माहीत नसेल, तर निदान एका माणसाला सांगा. स्त्रीची सिगारेट बहुधा गच्चीवर, गाडीत, न्हाणीघरात चोरून ओढलेली असते, आणि सोडतानाही ती चोरून सोडावी लागते. मग चिडचिडीचे कारण कोणाला सांगता येत नाही, वहीही लपवावी लागते. बहीण, मैत्रीण, कोणीही चालेल, फक्त खंडाच्या आठवड्यात रोज रात्री एक फोन करणारी हवी. समुपदेशनासाठी राष्ट्रीय तंबाखूमुक्ती क्रमांक १८००-११२-३५६ हा विनाशुल्क आहे. प्रत्यक्ष भेटीसाठी मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात किंवा शासकीय दंत महाविद्यालयात चौकशी करा.

एका पायाची पोटरी सुजून दुखणे, अचानक धाप, छातीत दुखणे, कधी न झालेली तीव्र डोकेदुखी, बोलताना जीभ अडखळणे यातले काहीही झाले तर गर्भनिरोधक गोळी थांबवून तडक रुग्णालयात जा. हे निकोटीनचे लक्षण समजून घरी थांबू नका. मन फार खचले, जगू नये असे वाटू लागले तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्या: गोळ्यांचे पाकीट, दोन आठवड्यांची वही, आधीच्या दोन वेळा सोडल्याच्या आणि परत सुरू झाल्याच्या तारखा, सुरू असलेल्या सगळ्या औषधांची नावे. रक्तदाब तिथेच मोजून घ्या, कारण गर्भनिरोधकाचा निर्णय त्या आकड्यावरही ठरतो.